बद्द वाजलेला खांबवाला

धाकटे भाऊजी येणार म्हटल्यावर माईंनी जेवणाचं टेबल सकाळपासून इतक्या वेळा पुसलं, की शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, आता लाकूड झिजेल." माई थांबल्या खऱ्या, पण फडकं हातातून सुटेना. ज्या टेबलावरून भाऊजी उठून गेले होते, त्याच टेबलाशी ते आज परत बसणार होते. मधल्या काळात माईंचे केस पांढरे झाले, मुलं संसाराला लागली, भिंतींचे रंग बदलले. टेबल मात्र तेच होतं आणि यजमानांचा, नानांचा, हेकाही तोच होता.

भाऊजी ठरल्या वेळेच्या आधीच आले. बंदरात मोठमोठी जहाजं धक्क्याला लावण्यात आयुष्य गेलेला माणूस, उशीर करणं त्यांना जमतच नसे. अंगाने उतरले होते, पण चाल तीच होती, पाय फाकवून, पायाखालची जमीन कधीही हलेल अशी. दारात त्यांनी बूट काढले, थोरल्या भावाकडे बघून नुसती मान हलवली आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

"आधी हे," ते म्हणाले. "चहा नंतर."

"काय?" नानांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

"आधी हे, म्हणतोय."

"अरे, बस तरी!"

पुरचुंडीत काय आहे, हे कोणी विचारलं नाही. आत खांबवाला होता. स्पेनच्या राजाच्या नावाने मेक्सिकोत पाडलेला आठ रिआलांचा चांदीचा जाडजूड तुकडा, तळहाताचा खळगा भरून टाकणारा. एका बाजूला राजाची ढाल, दुसऱ्या बाजूला समुद्राच्या लाटांवर उभे दोन खांब आणि मधे पृथ्वीचे दोन गोल. अशी जुनी-नवी नाणी पेट्या भरभरून जहाजांतून यायची, आणि ती खरी की खोटी हे सांगायला प्रत्येक व्यापारी पेढीवर एक पारखी बसायचा. माईंचे सासरे, मामंजी, असेच पारखी होते. नाणं बोटाच्या टोकावर तोलायचं, दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच टिचकी मारायची आणि ऐकायचं. चांगलं असेल तर आवाज लांबत जातो. बनावट असेल तर बद्द वाजतं. चांगल्यावर मामंजी आपला तीन पाकळ्यांचा बारीक ठसा हातोडीने उठवायचे, की पुढच्या माणसाने परत वाजवत बसायला नको.

मामंजींनी पेढीवरून घरी आणलेल्या मूठभर नाण्यांवर नानांनी जन्मभर भर घातली. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचे थेलर, मेक्सिकोचे गरुड, फ्रेंचांचे पाच फ्रँक, नुसत्या वजनाने खिसा खाली ओढणारी सगळी मोठी चांदी. पोटापाण्यासाठी नानांनी वजनकाटे दुरुस्त केले, पण नाण्याच्या बाबतीत त्यांचा काट्यावर काडीचा विश्वास नव्हता. "काट्याला शिसंही फसवतं," ते म्हणायचे. "कानाला फसवून दाखवा." या घरात कपाटात जाणारं प्रत्येक नाणं आधी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत वाजायचं, आणि निकाल घरातल्या वडीलधाऱ्याने द्यायचा. जावई घरात आला तेव्हा तो चेष्टेने म्हणाला होता, बरं झालं मला नाही वाजवून बघितलं.

मामंजी गेल्यावर नानांनी चार जाणकार मित्रांना बोलावलं आणि सगळी नाणी एकेक वाजवून दाखवली. भाऊजींनीही आपला खांबवाला मोठ्या कौतुकाने आणला. तो मामंजींनी स्वतःच्या हाताने त्यांना दिला होता. नानांनी टिचकी मारली, आणि तो बद्द वाजला. वजन बरोबर, ठसा बरोबर, आवाज तेवढा नाही. बाबांच्या हातून बद्द नाणं घरात येणं शक्यच नव्हतं. मग राहिलं काय? धाकट्याने खरं विकलं आणि बाबांच्या ठशाची नक्कल मारलेलं खोटं आणून ठेवलं. नानांनी हे तोंडाने म्हटलंही नाही. त्यांनी चार लोकांत ते नाणं बोटाने भावाकडे सरकवलं आणि पुढचं उचललं. भाऊजी उठून गेले ते आज येत होते.

चहाच्या निमित्ताने माई स्वयंपाकघरात शिरल्या, तर भाऊजी मागोमाग आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही होतात त्या दिवशी. बद्द वाजलं होतं का हो?"

माईंनी गॅस बारीक केला. "बद्दच वाजलं होतं, भाऊजी."

"मग झालं! मी कुठे म्हटलं खणखणीत आहे म्हणून? घरी नेऊन मीही वाजवायचो. पोरगी झोपली, बायको झोपली, की काढायचं आणि वाजवायचं. दर वेळी वाटायचं, आज वाजेल." भाऊजी स्वतःशीच हसले. "चमचा बरा वाजतो."

"मग आज कशाला आणलंत?"

"बाबांनी ते मला असंच दिलं होतं, म्हणून. मी बदललं नाही. एवढंच मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. घर विकलंय, पुढच्या आठवड्यात ताबा देतोय. मग मुलीकडे. ती राहते समुद्रापलीकडे, आणि माझे गुडघे बघताय ना? एकदा गेलो की परत येणं काही होत नाही. चोर म्हणून जायचं नाहीये मला, वहिनी."

"आणि परत बद्द वाजलं तर?"

"तर चहा पिऊन जाईन. जरा चांगला करा."

माईंनी चहात साखर घातली की नाही, हे त्यांचं त्यांनाच आठवेना. भाऊजींना जे ठाऊक नव्हतं, मुलांनाही ठाऊक नव्हतं, ते असं होतं की नानांना आता नाणं ऐकूच येत नव्हतं. बोलणं समजायचं, तेही समोरच्याच्या ओठांकडे बघून. बारीक, उंच आवाज मात्र कानातून केव्हाच निघून गेला होता. ज्या दिवशी नानांनी एक थेलर वाजवला आणि नुसतेच कोऱ्या चेहऱ्याने बसून राहिले, त्या दिवशी माईंनी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय ठेवून हलकेच दाबला. ठरवून काहीच केलं नव्हतं. नाना लगेच म्हणाले, "खणखणीत!" तेव्हापासून तीच रीत पडली. एकदा दाबलं की खरं, दोनदा दाबलं की बद्द. नाना वाजवण्याआधी चपलेतून पाय काढायचे, माई डाव्या हाताला बसायच्या. या विषयावर नवरा-बायको एकमेकांशी कधी अवाक्षर बोलले नाहीत. जुन्या नाण्यांचे दुकानदार तर म्हणायचे, नवऱ्याच्या छंदात इतका रस घेणारी बायको बघितली नाही.

आता एवढी सत्ता पायात आल्यावर माई काही अगदीच साधुसंत राहिल्या नव्हत्या. जपानचा ड्रॅगनवाला येन काय सुरेख वाजला होता, पण त्या वर्षी छत गळत होतं आणि नाना छताचे पैसे घेऊन दुकानात बसले होते. माईंनी दोनदा दाबलं. उलटही एकदा झालं. नाना न्यूमोनियातून उठले, काठी टेकत जाऊन एक थेलर घेऊन आले, आणि तो डब्याच्या झाकणासारखा वाजला. त्यांचा हरखलेला चेहरा बघून माईंनी एकदाच दाबलं. त्या थेलरला कपाटात मखमलीवर जागा मिळाली होती.

मुलगा तोवर येऊन बसला होता. घरात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तो दातांचा डॉक्टर होता, पण नानांना तेवढं पुरे होतं. पुढे कपाट त्याच्याकडे जायचं, असं नानांनी बोलून ठेवलेलं. त्यामुळे काका आल्यापासून तो जरा ताठच होता. थोरली मुलगी, ताई, थेट कामावरून आली. ती बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायची. हाताला तेलाचा वास, पायात जाड बूट. तिने येताच काकांना मिठी मारली, आणि डॉक्टरांनी बायकोकडे बघून भुवया उडवल्या.

"मला एक कळत नाही," डॉक्टर म्हणाले, "परत वाजवून वेगळं काय होणार आहे? धातू काही मन बदलत नाही."

"माणूस तर बदलतो," ताई म्हणाली.

"मी नाण्याबद्दल बोलतोय."

"आणि मी काकांबद्दल बोलतेय. तू त्या वेळी शाळेत होतास. तुला काय आठवतंय?"

"मला एवढं आठवतं की नानांचा निकाल कधी चुकलेला नाही."

"काय म्हणतोय?" नानांनी विचारलं.

"तुमचं कौतुक करतोय," सूनबाई चटकन म्हणाली आणि नवऱ्याच्या पुढ्यात बिस्किटांची बशी सरकवली. तोंड बंद ठेवायचा हा तिचा हुकमी उपाय होता.

पंखा बंद झाला. फ्रिजचं बटणही डॉक्टरांनी जाऊन बंद केलं, कारण त्याची घरघर मधे यायला नको, असा नियमच होता. नाना टेबलाच्या टोकाला बसले, माई त्यांच्या डाव्या हाताला, भाऊजी बरोबर समोर. नानांनी रुमाल सोडला. खांबवाला काळसर पडला होता. उजव्या खांबाच्या पायथ्याशी, लाटांवर, मामंजींचा तीन पाकळ्यांचा ठसा होता. नानांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी नाणं बोटाच्या टोकावर तोललं.  टेबलाखाली चप्पल सरकल्याचा आवाज माईंना आला.

माई ठरवून बसल्या होत्या की जे ऐकू येईल तेच सांगायचं. नानांनी टिचकी मारली.

ठक.

फळीवर फळी पडावी, तेवढंच. भाऊजींनी मान खाली घातली. डॉक्टरांनी श्वास सोडला. आणि माईंच्या मनात आलं, निकाल तर यांनीच द्यायचाय. या टेबलावर यांचा शब्द मोडायची कोणाची प्राज्ञा आहे? मुलं फार तर एकमेकांकडे बघतील. भाऊजी ताठ मानेने जातील. माईंनी नानांच्या पायावर पाय ठेवला आणि एकदा दाबला.

नानांनी नाणं हळूच टेबलावर ठेवलं, मान वळवली आणि माईंकडे बघितलं. 

"ही म्हणते, खणखणीत आहे," नाना म्हणाले.

कोणाला काहीच समजलं नाही. डॉक्टर म्हणाले, "कोण म्हणतं? आई कुठे बोलली?"

"पायाने बोलली. मला नाणं ऐकू येत नाही. आजवर हिनेच ऐकलं आणि मी नुसतं तोंड हलवलं."

"नाना, कधीपासून?"

"तिला विचार. मी मोजत बसलो नाही."

"पण आई," डॉक्टर म्हणाले, "बद्द वाजलं की! इथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं."

"मला माहीत आहे ते बद्द आहे," नाना म्हणाले. "दुसरं कुठलंही नाणं असतं तर हिच्यावर विश्वास ठेवून मोकळा झालो असतो. हे एकच असं आहे, की ज्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, आणि तो काही केल्या डोक्यातून गेला नाही." मग ते माईंना म्हणाले, "का केलंस?"

खोटं पकडलं गेल्यावर माणूस एक तर रडतो, नाही तर भांडतो. माईंनी भांडणं पसंत केलं.

"कारण भाऊजींनी चोरी केली नाही! मला ते कानाने नाही कळलं, पण कळलं. माणूस चोरीचं नाणं इतकी वर्षं रुमालात बांधून जपत नाही. आणि तुमचं काय? भावाला चोर ठरवून तुम्हाला सुखाची झोप लागली असेल, तर मी दुसऱ्याच कोणाच्या शेजारी झोपत होते. रोज कूस बदलत पडायचं आणि सकाळी म्हणायचं, गादी टोचते. तीन गाद्या बदलल्या आपण!"

नाना माईंच्या ओठांकडे बघत राहिले. एकही शब्द सुटला नसावा, कारण कान लाल झाले.

"म्हणजे कपाटातली बाकीची?" डॉक्टरांचा आवाज बारीक झाला. "आई, त्यात किती...?"

"दोन. फार तर तीन."

"आजारपणानंतरचा तो थेलर?" नानांनी विचारलं.

"बद्द."

"आणि तो ड्रॅगन? जो आपण घेतला नाही?"

"ड्रॅगन फार चांगला होता हो," माई म्हणाल्या. "छतावर गेला."

ताईला हसू आवरेना. भाऊजी मात्र हसले नाहीत. ते नाण्याकडे हात नेत म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्यासाठी केलंत ते पोहोचलं. पण मला असं खोटं प्रशस्तिपत्र नको होतं." त्यांनी रुमाल उचलला.

"काका, थांबा," ताई म्हणाली. "नाना, इकडे बघा, माझ्या तोंडाकडे. बद्द वाजण्याचं कारण एकच असतं का?"

"बनावट."

"आमच्याकडे पाइप आला की आम्हीही आधी हातोडीने ठोकून बघतो. बद्द वाजला तर त्याला कोणी बनावट म्हणत नाही. आम्ही म्हणतो, तडकलाय."

"तडा असता तर दिसला असता," नाना म्हणाले. "भिंगातून पाहिलंय मी."

"केसाहून बारीक तडा दिसत नाही. त्यासाठी तर मला पगार देतात." ती उठलीच होती. "पेटी गाडीत आहे. लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, पुसून काढायचा. वरून पांढरी पूड. तडा असेल तर आत मुरलेला रंग पुडीवर उमटतो."

"चांदीवर रंग?" डॉक्टर ओरडलेच. "नाना, तुम्ही कपाटातल्या नाण्याला कोरडं फडकंसुद्धा लावू देत नाही!"

"हे कपाटातलं नाहीये," भाऊजी म्हणाले. "माझं आहे. ताई, आण पेटी."

टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली गेली. ताईने नाणं पुसलं, दोन्ही बाजूंनी लाल रंग फवारला, आणि घरभर रॉकेलसारखा वास पसरला. राजाची ढाल, खांब, पृथ्वी, सगळं लालभडक झालं. रंग मुरायला थोडा वेळ हवा होता. सूनबाईने चहा परत गरम करून आणला. भाऊजींनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "वहिनी, साखर विसरलात." माईंनी उठून साखर आणून दिली. काकांच्या कपात डॉक्टर स्वतः चमचा ढवळून देत होते, ते बघून माईंना बरं वाटलं. मनाने वाईट नव्हता तो, कपाटाच्या पायी अडला होता.

ताईने फडक्याने रंग पुसला, तशी चांदी पुन्हा वर आली. मग तिने पांढरी पूड फवारली. नाणं खडूच्या चकतीसारखं दिसू लागलं. सगळ्यांच्या माना टेबलावर वाकल्या.

आधी काहीच नव्हतं. मग मामंजींच्या ठशाच्या खालच्या पाकळीपाशी लाल टिंब उमटलं. टिंबाची रेघ झाली. रेघ लाटांमधून वाकडीतिकडी सरकत नाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. ताईने नाणं उलटं केलं. मागच्या बाजूलाही तीच रेघ होती, तशीच वाकडी.

"आरपार," ती म्हणाली. "लाटांच्या ओळीत लपला होता. म्हणून भिंगात सापडला नाही."

नानांनी नाणं परत सरळ केलं आणि वाकून बघितलं. "ठशापासून सुरू झालाय," ते म्हणाले.

"हो. ठसा मारताना फुटलंय. नाण्यात आधीपासूनच दोष असणार, त्यात घाव जोरात बसला."

"बाबांच्या हातून," भाऊजी म्हणाले.

"पेढीचा नियम होता," नाना हळूहळू बोलत होते. "ठसा मारताना नाणं बिघडलं, तर ते पारख्याच्या पगारातून वळतं व्हायचं. नाणं त्याच्या गळ्यात पडायचं. चांगल्या नाण्यांबरोबर हे एक बिघडलेलं नाणंही बाबांनी त्यामुळेच घरी आणलं असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. त्यांच्या हातून चूक होईल, असं मला वाटलंच नाही. तुझ्या हातून होईल, असं मात्र लगेच वाटलं."

एवढं सरळ बोलताना माईंनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आता भाऊजींचा चेहरा उजळेल, म्हणून त्या बघू लागल्या, तर तो रागाने काळवंडला होता.

"चहा गरम होईपर्यंतचं काम होतं, दादा," भाऊजी म्हणाले. "एवढंच काम होतं! कोणाला तरी दाखवलं असतंस. मला नुसतं विचारलं असतंस. माझ्या पोरीच्या लग्नात तू नव्हतास. माझी बायको गेली तेव्हा तू नव्हतास. मी दाराकडे बघत बसलो होतो."

नाना भावाच्या ओठांवरून नजर हलवत नव्हते. "चुकलो," ते म्हणाले. त्यांना आपला आवाज किती होतो, याचा अंदाज राहिला नव्हता. शब्द जेमतेम फुटला.

"काय?"

"चुकलो मी!" आता तो इतका मोठा झाला, की सूनबाई दचकली.

"चुकलो म्हणून काय होतंय? चार लोकांसमोर सरकवलं होतंस ते नाणं. त्यातले दोघे वारले. त्यांना कोण सांगायला जाणार?"

 ताई खाली मान घालून नाण्यावरची पूड पुसत होती. भाऊजींनी तिच्याकडून नाणं घेतलं, रुमालात बांधलं आणि खुर्ची मागे सरकवली. माईंना वाटलं, संपलं, हे चालले.

"बस," नाना म्हणाले.

ते उठून कपाटापाशी गेले. कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची, झोपतानासुद्धा. दार उघडून त्यांनी एकेक उथळ खण बाहेर काढला आणि टेबलावर आणून मांडायला सुरुवात केली. डॉक्टर मदतीला उठले, तर हाताने त्यांना बसवलं. सगळे खण स्वतः आणले. मखमलीवर ओळीने मांडलेली मोठमोठी नाणी, कितीतरी देशांचे राजे, राण्या, गरुड, जहाजं. टेबल पुरेना, तेव्हा दोन खण खुर्च्यांवर ठेवले. मग ते भाऊजींसमोर उभे राहिले.

"हे सगळं परत वाजवायला हवं. पहिल्यापासून. माझा कान गेला, आणि हिच्या पायावर माझा भरवसा राहिला नाही."

"मग डॉक्टर आहे की," भाऊजी म्हणाले.

"त्याला बाबांनी शिकवलेलं नाही. आपल्या दोघांनाच शिकवलं. जे बद्द वाजेल ते बाजूला ठेव, ताई बघेल तडा आहे की बनावट आहे. आणि त्या चौघांना, नाही, उरलेल्या दोघांना मी रविवारी बोलावतो. निकाल तू सांगशील. खांबवाल्याचाही तूच सांग."

एक मेक्सिकन गरुड भाऊजींनी उचलला, हातात तोलला आणि परत ठेवला. "एका बैठकीत होणार नाही हे," ते म्हणाले.

"नाहीच होणार. उद्या ये. परवा ये. तिकीट पुढे ढकल."

भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली आणि बसले. चष्मा काढून पुसू लागले, बराच वेळ पुसत राहिले.

"नाना, मी बसतो काकांजवळ," डॉक्टर म्हणाले. "उचलायला, ठेवायला, लक्ष..." बोलता बोलता आपण काय म्हणतोय हे त्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण वाक्य तिथेच अडखळलं. सूनबाईने त्यांची बाही ओढली.

"कोणी बसायचं नाही," नाना म्हणाले. "नाणं ऐकायचं तर शांतता हवी. चला सगळे बाहेर."

ताई रंगाची पेटी घेऊन निघाली, तिच्या मागे डॉक्टर आणि सूनबाई. माई चहाचे कप उचलायला वळल्या, तर नानांनी खुणेने तेही राहू द्यायला सांगितलं. सगळ्यांत शेवटी ते स्वतः बाहेर आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"दादा," आतून भाऊजींचा आवाज आला, "दार उघडं राहू दे. मागून कोणाला काही म्हणायला नको."

नाना दाराकडे पाठ करून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. माईंनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि समोर येऊन, नीट तोंड हलवत सांगितलं, "भाऊजी म्हणताहेत, दार उघडं ठेवा."

नाना वळले. दार नीट लागलंय की नाही, ते त्यांनी मूठ धरून एकदा ओढून बघितलं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "मला ऐकू आलं नाही."